‘दोन आठवडे मनाचे घातलेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गर्भाच्या वाढीवरच्या लेखावर आपण लिहिलंत की गर्भाचं हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागतं, लेखात मात्र सहावा आठवडा आहे. म्हणजे दोन आठवडे मी मनाचे घातले, आणि ‘आधी अभ्यास करावा, मग लोकांना शिकवावं’. गरोदरपण चाळीस नव्हे, अडतीस आठवड्यांचं असतं, असाही आक्षेप घेतलात. लेखात चित्रं नाहीत, हेही सुनावलंत. चित्रं हवी होती, मान्य. पण हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे, त्यामुळे अभ्यासाबद्दलचं वाक्य मला लागलं. चूक दाखवायची होती तर सरळ दाखवता आली असती, त्यासाठी माणसाची लायकी काढायची गरज नव्हती.

आता आठवड्यांकडे वळते. तुम्ही फलनापासून, म्हणजे शुक्रजंतू आणि स्त्रीबीज एकत्र येतात त्या दिवसापासून मोजताय. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तीच तारीख बाईला सांगता येते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. त्यामुळे संबंध कधी आला हे पक्कं माहीत असलं तरी फलनाचा दिवस कळत नाही. हृदयाची नळी, म्हणजे हृदयाचं सुरुवातीचं रूप, फलनानंतर २२-२३ व्या दिवशी आकुंचन पावू लागते. त्यात १४ मिळवा: ३६ वा दिवस, म्हणजे पाच आठवडे पूर्ण होऊन सहावा चालू. तुमचा चौथा आणि माझा सहावा एकच आहे.

हे १४ दिवसही २८ दिवसांची पाळी धरून काढलेले. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण २१ व्या दिवशी सुटतं आणि गर्भ तारखेपेक्षा आठवडाभर लहान निघतो. मग सहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोका दिसत नाही आणि घरात रडारड सुरू होते. गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तेवढ्यावरून गर्भ गेला असं कुणी ठरवू नये. किमान आठवड्याने पुन्हा तपासतात.

आणि ज्यासाठी मी एवढं लिहितेय ते हे: मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी फलनानंतर २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. पाळी चुकल्याला तेव्हा फक्त दोन आठवडे झालेले असतात. दवाखान्याचा ‘सहावा आठवडा’ कुणी तुमच्यासारखा फलनापासून धरला, तर तिला वाटेल अजून वेळ आहे. नाही. रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू झालेली हवी. नळी बंद होताना राहिलेली फट नंतरच्या गोळ्यांनी भरून येत नाही.

चाळीस आठवड्यांवरचा तुमचा आक्षेप याच गोंधळातला आहे. पाळीपासून २८० दिवस, फलनापासून २६६. वजाबाकी करून बघा.