हजेरीत अडकलेला उमेदवार

अमळनेरच्या एसटी स्टँडसमोर आप्पांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याचा ओटा म्हणजे आमचा कट्टा. मारवडहून रोज अप-डाऊन करणारा आमचा दोस्त, ज्याला सगळे मारवडकर म्हणतात, त्यानं तिथं जाहीर करून टाकलं, "कॉलेजची निवडणूक लागू द्या भो, मी उभा ऱ्हासू. थेट अध्यक्षपदाले."

"तुले कोण मत देई?" आप्पांनी मशीनवरची मान वरही केली नाही.

"खेड्यावरची पोरं. मारवड, मांडळ, पातोंडा. शहरातल्यांपेक्षा आम्हीच जास्त."

हिशेब चुकीचा नव्हता. गॅदरिंगच्या मीटिंगा, नाटकाच्या तालमी, सगळं कॉलेज सुटल्यावर चालतं आणि तेव्हा ही पोरं गाडी धरायला पळालेली असतात. मतं त्यांची, कार्यक्रम दुसऱ्यांचे.

आप्पांना मात्र जुने दिवस आठवले. त्यांच्या वेळी सीआर, म्हणजे वर्गाचे प्रतिनिधी, निवडून आले की पुढची मतं त्यांचीच म्हणून त्यांना उचलून कुणाच्या तरी मळ्यात ठेवायचे, शेवभाजीच्या पंगती उठायच्या आणि मतदानाच्या सकाळीच जीप परत यायची. "मज्जा होती, पण डोकीबी फुटत," ते म्हणाले. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढे नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंदच झाल्या. त्यानंतर सीआर व्हायचा तो मार्कांवर. कट्ट्यावर नोट्सच्या झेरॉक्स काढायला आलेली आमची टॉपर हसून म्हणाली, "माझ्या मोठ्या बहिणीला आपण सीआर आहोत हे नोटीस बोर्डावर कळलं होतं. वर्षभर तिनं फक्त एका शिबिराची सही केली."

वकील (एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सनद अजून लांब) वाटच बघत होता. "२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणूक परत आलीय. कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळे विद्यार्थ्यांच्या मतांवर. २०१९ ला वेळापत्रकही लागलं होतं, पण विधानसभेच्या धामधुमीत ढकललं पुढे."

"म्हणजे गाजर," आप्पा.

"गाजर असो, पण लागलीच तर खर्च किती?" मारवडकराला काळजी पैशाची. बाप कापूस लावतो, आणि त्याचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

इथे वकील खूश झाला. विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींत उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये. छापील पोस्टर नाही, हातानं रंगवलेलंच. पक्षाचा पैसा नाही. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. प्रचाराला लाऊडस्पीकर, गाडी आणि जनावरं वापरायलाही बंदी.

"जनावरं?" आप्पा थांबले. "म्हणजे पोळ्याच्या बैलजोडीवर याचं नाव लिहायचं राहिलंच."

सगळे हसले, मारवडकर सगळ्यात जास्त. बिनपैशाच्या माणसाला ही चौकट सोयीचीच आहे, हे मला मान्य. पण वकिलानं पुढचं कलम वाचलं आणि हसू आटलं. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के, किंवा विद्यापीठानं त्याहून जास्त ठरवली असेल तर तेवढी. शिवाय त्या वर्षी कुठला विषय मागे राहिलेला नको.

"एटीकेटी नाही मनी," मारवडकर म्हणाला. "पण हजेरी..."

त्याचं पहिलं लेक्चर दर आठवड्याला दोन-तीनदा बुडतं. गाडी उशिरा येते, कधी येतच नाही. शेवटचं प्रॅक्टिकलही अर्धं सोडून उठावं लागतं. ज्या अडचणीसाठी हा उभा राहणार, त्याच अडचणीनं याचा अर्ज बाद!

टॉपरनं वेगळाच मुद्दा काढला. "मुलींचं बघा. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, एफवायला आलं की पैसे. कितीतरी जणी मग आठवड्यातून तीनच दिवस येतात. त्यांच्यातली एकही उभी राहू शकणार नाही. मग महिला प्रतिनिधी कोण? माझ्यासारखी, शहरात राहणारी."

वकील म्हणाला, हजेरीची अट काढली तर वर्गात न दिसणारे गल्लीतले भाऊ-दादा उभे राहतील, नियम त्यांच्यासाठीच आहे. यात तथ्य आहे. पण गल्लीतल्या दादाला कुणाकडून तरी हजेरी भरून घेता येते, मारवडकराला नाही येत. म्हणून मी टॉपरच्या बाजूनं. अट ठेवा, पण गाडी चुकली म्हणून बुडालेला तास त्यात धरू नका. एसटीचा पास दाखवला की पुरे.

"हे तू प्राचार्यांना लिहून दे," वकील मला म्हणाला.

"अरे, त्याआधी पहिलं लेक्चर अर्धा तास पुढे घ्या म्हणून अर्ज द्या," आप्पा म्हणाले. "त्याला निवडणूक लागत नाही. सह्या गोळा करा, झेरॉक्स मी फुकट देतो."

मारवडकर म्हणाला, फुकट कशाला, पाच हजारांच्या मर्यादेत बसवू.