‘एसक्यूएल ते एसक्यूएलच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बिग डेटासाठी (म्हणजे अनेक मशीनवर पसरलेल्या प्रचंड डेटासाठी) एसक्यूएल, ही डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, वेगळ्या नजरेने शिकावी लागते, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओरॅकलसारख्या पारंपरिक डेटाबेसवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला सिलेक्ट (निवडणं), जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट पाडणं) पुन्हा शिकवणं हा क्लासवाल्यांचा धंदा आहे. डेटा एका मशीनवर आहे की हजार मशीनवर, हे बघायला ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) बसलाय. अनेक मशीनवर डेटा ठेवून हाताळणारं हडूप कधीच संपलं. आणि ज्याच्याकडे क्लस्टरच (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा समूहच) नाही त्या विद्यार्थ्याने हे शिकायचं कुठे? शेवटी ऑर्डर बायबद्दल (ओळी क्रमाने लावण्याबद्दल) एक प्रश्नही आहे. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लासवाल्यांबद्दल वाद नाही. सगळा वेळ हडूप इन्स्टॉल करण्यात घालवून शेवटी घाईघाईने एक जॉइन दाखवणारे कोर्स मीही पाहिलेत. वितरित एसक्यूएल ही काल-परवाची गोष्ट नाही, हेही खरं. टेराडेटा ही डेटाबेस कंपनी १९८०च्या दशकापासून तेच करतेय. पण तुमच्या ‘काहीच बदलत नाही’ला माझी हरकत आहे. क्वेरीचं व्याकरण तेच राहतं, पण कुठला शब्द किती महागात पडतो याचा हिशेब पार बदलतो.

न्यूयॉर्कच्या टॅक्सींचं उदाहरण घेऊ. तिथलं टॅक्सी अँड लिमोझिन कमिशन पिवळ्या टॅक्सींच्या फेऱ्यांच्या नोंदी २००९ पासून महिनावार, सगळ्यांसाठी खुल्या ठेवतं. मे २०२२ पासून त्या पार्के फाइलमध्ये मिळतात. जानेवारी २०२४ च्या फाइलमध्ये जवळपास ३० लाख फेऱ्या आहेत, १९ कॉलम आहेत, आणि फाइल भरते जेमतेम ५० एमबी. पार्केमध्ये एकेका कॉलमची मूल्यं एकत्र ठेवलेली असतात. तुम्ही भाडं आणि अंतर असे दोनच कॉलम मागितलेत, तर इंजिन बाकीच्या सतरांना हात लावत नाही. ओरॅकलच्या नेहमीच्या टेबलात अख्खी ओळ एकत्र असते, त्यामुळे सिलेक्ट स्टारची (सगळेच कॉलम मागवण्याची) सवय तिथे खपून जाते. अ‍ॅमेझॉनच्या अथेना या क्लाउड सेवेत अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी एक टीबी स्कॅनला ५ डॉलर पडतात. तिथे तीच सवय थेट बिलात दिसते. आणि ‘मी लिमिट १० लावलंय, फक्त बघत होतो’ हे कारण गूगलच्या बिगक्वेरी या तशाच सेवेला पटत नाही. साध्या टेबलवर लिमिटमुळे दिसणाऱ्या ओळी कमी होतात, स्कॅन तेवढाच राहतो. ओरॅकलमधून आलेले बहुतेक जण इथेच पहिल्यांदा अडखळतात.

दुसरी अडखळण्याची जागा इंडेक्स, म्हणजे हवी ती ओळ पटकन शोधून देणारी सूची. ‘क्वेरी हळू चालते? इंडेक्स टाक’ हे आपल्याकडचं रामबाण औषध. हडूपमधल्या फाइलींवर एसक्यूएल चालवणाऱ्या हाइव्हमध्ये इंडेक्स होते, पण ३.० आवृत्तीत ते काढूनच टाकले. त्यांच्या जागी उपयोगी पडते फोल्डरांची मांडणी: वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं, त्यात फाइली. व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, वर्ष आणि महिना लिहिलात तर तेवढंच फोल्डर उघडलं जातं. पण अट नुसती पिकअपच्या वेळेवर लावलीत, तर त्या वेळेचा फोल्डरच्या नावाशी काही संबंध आहे हे इंजिनला कळायला मार्ग नसतो. मग ते २००९ पासूनची सगळी फोल्डरं धुंडाळत बसतं. पार्केत प्रत्येक तुकड्याची किमान-कमाल मूल्यं नोंदलेली असल्यामुळे आतला बराच डेटा वगळता येतो, पण ती नोंद वाचायला दर फाइलपर्यंत जावंच लागतं. पार्टिशन, म्हणजे टेबलाचे असे विभाग, ओरॅकलमध्येही आहेत, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. फरक एवढाच की तिथे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ते तुमच्यासाठी बघतो आणि इंडेक्सचा आधारही असतो. इथे क्वेरी लिहिणाऱ्याला मांडणी ठाऊक असावी लागते.

आता ऑप्टिमायझर. टॅक्सीच्या नोंदीत ठिकाणाचं नाव नसतं, नुसता झोनचा क्रमांक असतो. नावांची यादी वेगळी, २६५ ओळींची. या जॉइनला स्पार्क (अनेक मशीनवर काम वाटून चालवणारं इंजिन) त्या यादीची झेरॉक्स काढून प्रत्येक मशीनच्या हातात देतो आणि मोठं टेबल जागचं हलत नाही. १० एमबीपर्यंतच्या टेबलसाठी हे आपोआप होतं. इथवर तुमचं बरोबर. पण त्याच फेऱ्या उबर आणि लिफ्ट या अ‍ॅपवरच्या टॅक्सींच्या फेऱ्यांशी, म्हणजे महिन्याला दीड-दोन कोटी ओळींच्या टेबलशी, झोन आणि तास यांवर जोडायच्या झाल्या, तर दोन्हीकडच्या ओळी नेटवर्कवरून हलवाव्या लागतात. यालाच शफल म्हणतात, आणि क्वेरीचा वेळ खातं ते हेच. त्यात जेएफके विमानतळ किंवा मॅनहॅटनमधल्या गजबजलेल्या झोनच्या सगळ्या ओळी मोजक्या टास्कांच्या (कामाच्या तुकड्यांच्या) वाट्याला येतात, आणि तुरळक फेऱ्यांच्या स्टेटन आयलंडच्या झोनवाला टास्क क्षणात मोकळा होतो. ‘नव्व्याण्णव टक्के झालंय, शेवटचा टास्क तासभर तिथेच’ हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. नुसत्या ग्रुप बायला हा त्रास कमी होतो, कारण प्रत्येक मशीन आधी आपल्यापुरती बेरीज करून घेतं. काउंट डिस्टिंक्ट (वेगवेगळी मूल्यं किती ते मोजणं) मात्र पुन्हा अवघड, कारण एकच मूल्य अनेक मशीनवर असू शकतं, त्यामुळे प्रत्येक मशीनवर मोजून नंतर नुसती बेरीज करता येत नाही. म्हणून ट्रिनो या क्वेरी इंजिनमध्ये अंदाजे मोजणारं फंक्शन आहे, साधारण २.३ टक्के प्रमाण त्रुटीचं. लेखापरीक्षणाला ते चालणार नाही, डॅशबोर्डला खुशाल चालतं.

असमान वाटपावर स्पार्क ३.० पासून चालू क्वेरीतच तोडगा काढतो आणि ३.२ पासून ही सोय आपोआप चालू असते. म्हणजे ऑप्टिमायझर सुधारतोय. पण त्याला टेबलाची आकडेवारी (किती ओळी, किती मूल्यं) लागते, आणि कुणीतरी फोल्डरात फाइली टाकून टेबल जाहीर केलं की ती आकडेवारी अनेकदा नसतेच. इम्पाला या अशाच आणखी एका इंजिनमध्ये त्यासाठी कम्प्युट स्टॅट्स हे स्वतः चालवावं लागतं. ते न चालवता ‘इम्पाला चुकीचा जॉइन निवडतो’ म्हणून तक्रार करणारे पुष्कळ.

याहून मोठा फरक मला वाटतो तो फाइल आणि टेबल यांच्या नात्याचा. ओरॅकलमध्ये चुकीच्या प्रकारचं मूल्य दारातच अडवलं जातं. इथे फाइल आधीच पडलेली असते, टेबल म्हणजे ती कशी वाचायची याबद्दलचं आपलं मत. टेक्स्ट फाइलमध्ये आकड्याच्या जागी अक्षरं असली तर हाइव्ह गुपचूप नल (रिकामं मूल्य) देतं, एरर नाही. टॅक्सीच्याच फाइलींत पॅसेंजर काउंट काही महिने दशांश, काही महिने पूर्णांक. एअरपोर्ट फीचं पहिलं अक्षर जानेवारी २०२३ मध्ये लहान लिपीत, फेब्रुवारीपासून मोठ्या लिपीत. जानेवारी २०२४ च्या फाइलमध्ये २००२ सालची पिकअप दाखवणाऱ्या ओळीही आहेत. आणि टिपेचा कॉलम फक्त कार्डने दिलेली टिप दाखवतो, रोख टिप त्यात येतच नाही. (रोख देणारे न्यूयॉर्ककर कंजूष असतात, हा निष्कर्ष एका सिलेक्टच्या अंतरावर आहे.)

बोलीभाषेचे फरकही आहेत. पाच भागिले दोन हाइव्हमध्ये अडीच येतं, ट्रिनोमध्ये दोन. टक्केवारी शून्य आली तर आधी हे तपासा.

हडूप संपलं, यावर अर्धी सहमती. रोजच्या कामासाठी मॅपरिड्यूस (हडूपसाठी प्रोग्रॅम लिहायची मूळ पद्धत) आता कुणी लिहीत नाही. फेसबुकमध्ये हाइव्ह जन्माला आलं तेच जावामध्ये मॅपरिड्यूस लिहिणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं म्हणून. तिथल्याच लोकांना हाइव्ह संथ वाटलं आणि त्यांनी २०१२ मध्ये प्रेस्टोवर काम सुरू केलं; त्याची एक शाखा २०२० पासून ट्रिनो म्हणून ओळखली जाते. पण हाइव्हची फोल्डरांची पद्धत आणि त्याचा मेटास्टोर (कुठलं टेबल कुठल्या फाइलींत, याची नोंदवही) स्पार्क आणि ट्रिनो आजही वापरतात. मी हाइव्हबद्दल लिहिते ती त्याच्या इंजिनच्या प्रेमापोटी नव्हे.

‘त्यापेक्षा थेट पायस्पार्क (पायथनमधून चालवायचा स्पार्क) शिका’ हेही तुम्ही सुचवलंय. जरूर शिका, पण डेटाफ्रेम (पायस्पार्कमधली टेबलं) आणि एसक्यूएल दोन्ही एकाच ऑप्टिमायझरमधून जातात आणि सहसा प्लॅन सारखाच निघतो. शफल पायथनला घाबरत नाही.

क्लस्टर नसलेल्या विद्यार्थ्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याला क्लस्टर नकोच. पिवळ्या टॅक्सीचं अख्खं वर्ष लॅपटॉपवर मावतं. डकडीबी हे लॅपटॉपवरच चालणारं डेटाबेस-सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, पार्के फाइलींवर सरळ क्वेरी लिहायची, दोन कॉलम आणि सिलेक्ट स्टार यांतला फरक घड्याळ लावून बघायचा. मग त्याच फाइली स्पार्कच्या लोकल मोडमध्ये (एकाच मशीनवर) उघडून क्वेरीपुढे एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल तो प्लॅन दाखवणारा शब्द) लावायचं आणि प्लॅनमध्ये ‘एक्स्चेंज’ शब्द कितीदा येतो ते मोजायचं. शफल जिथे होतं तिथे हा शब्द येतो. क्वेरीची रचना बदलून तो एकदा कमी करता आला की माझ्या लेखाची निम्मी गरज संपली. बिलाची सवय लावायला बिगक्वेरीचं सँडबॉक्स आहे: क्रेडिट कार्ड लागत नाही, महिन्याला १ टीबीपर्यंतच्या क्वेरी फुकट, आणि रन दाबण्याआधीच किती डेटा वाचला जाईल ते पडद्यावर दिसतं.

राहिला तुमचा ऑर्डर बायचा प्रश्न: हाइव्हमध्ये तो एवढा वेळ का घेतो? सगळ्या ओळींचा एकच सलग क्रम लावायचा म्हणजे त्या शेवटी एकाच रिड्यूसरकडे (शेवटची जुळवाजुळव करणाऱ्या टास्ककडे) जातात, बाकीची मशीन हात बांधून उभी. स्पार्क आधी नमुना घेऊन मूल्यांचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा वेगळा लावतो, म्हणून तिथे कमी जाणवतं. तुम्हाला वरच्या शंभर ओळीच हव्या असतील तर लिमिट लावा. मग प्रत्येक मशीन आपापल्या वरच्या शंभरच पुढे पाठवू शकतं. (हो, स्कॅनचं बिल लिमिटने कमी होत नाही, पण ऑर्डर बायचा भार नक्की होतो.) आणि निकाल नुसता दुसऱ्या टेबलात टाकायचा असेल, तर ऑर्डर बाय काढूनच टाका.