अकरा महिन्यांचं घर आणि मुलांची शाळा

महाराष्ट्रात भाड्याच्या घरावरचा वाद बहुतेक वेळा दारातच अडकतो. मांसाहार करणाऱ्यांना घर नाकारलं, मराठी कुटुंबाला नाकारलं, सोसायटीने मुलांना आवारात चेंडू खेळू दिला नाही. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण दार उघडल्यावर ते कुटुंब तिथे किती वर्षं राहू शकणार, हे फारसं कुणी विचारत नाही. मुलं असतील तर तोच प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. जर्मनीत नवं घर मांडणाऱ्या मराठी कुटुंबांना ते पहिल्या महिन्यातच कळतं.

इथे घराचा करार सहसा बेमुदत असतो. ठरावीक मुदतीचा करायचा असेल तर मालकाला कायद्यात बसणारं कारण लेखी द्यावं लागतं. भाडेकरू ३ महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडू शकतो. मालकाला मात्र सबळ कारण लागतं, उदाहरणार्थ स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबीयांना राहायला ते घर हवं असणं. शिवाय भाडेकरूला ५ वर्षं झाली असतील तर मालकाची नोटीस ६ महिन्यांची, ८ वर्षं झाली असतील तर ९ महिन्यांची. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमिएते’एवढं, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे वगळून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिप्पट. तेही तीन मासिक हप्त्यांत देता येतं. घर घेण्याच्या गडबडीत कुणी हे सांगत नाही आणि लोक पूर्ण रक्कम एकदम भरून मोकळे होतात.

पुढचं सगळं पत्त्यावर चालतं. राहायला आल्यापासून २ आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, मालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. पोटभाड्याची खोली घेताना तो मिळणार का, हे पैसे देण्याआधीच विचारावं. ‘नोंदणी करता येणार नाही’ असं उत्तर आलं तर मुलं असणाऱ्यांनी ती जागा सोडून द्यावी. नोंदणीनंतर घरातल्या प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा, कर क्रमांक पोस्टाने येतो आणि मुलांचा भत्ता, ‘किंडरगेल्ड’, त्या क्रमांकावर मिळतो. पत्रपेटीवर आडनाव नसेल तर टपाल परत जातं. त्यामुळे किल्ली हातात आली की आधी पेटीवर आणि बेलवर नाव लावावं. आईवडिलांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावावीत.

शाळा आणि ‘किटा’, म्हणजे बालवाडी, यांनाही पत्ताच लागतो. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत घराच्या हद्दीवरून ठरते. १ वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे, पण मोठ्या शहरांत हक्क असूनही रांग लांब असते. म्हणून घर ठरल्याच्या दिवशीच अर्ज करावेत. मार्च २०२० पासून गोवरच्या लसीचा पुरावा बंधनकारक आहे. भारतातलं लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेतच आणावं आणि बालरोगतज्ज्ञाकडून त्यातल्या तारखा इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून घ्याव्यात.

घराच्या आत मात्र खूप काही नसतं. अनेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर म्हणजे नळाची जोडणी, सांडपाण्याचा पाइप आणि शेगडीसाठी भिंतीतली थ्री-फेज वायर. ही वायर इलेक्ट्रिशियननेच जोडावी. किचन मागवल्यावर बसायला कित्येक आठवडे जातात, तोवर साध्या सॉकेटवर चालणारी दोन प्लेटांची शेगडी पुरते. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला आणावा.

सर्वांत जास्त लक्ष खिडक्यांकडे द्यायला हवं. आपल्या मुलांना ग्रिलची सवय असते. इथे ग्रिल नसतं, खिडकी आत उघडते आणि दोन-तीन वर्षांचं मूलही हँडल फिरवू शकतं. किल्लीने बंद होणारं हँडल बांधकाम साहित्याच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतं. दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलिमीटर आणि चौकोनी दांडा ७ मिलिमीटर, हे माप बहुतेक खिडक्यांना बसतं. दांड्याची लांबी तेवढी जुनं हँडल काढून मोजावी. जुनं हँडल जपून ठेवावं, घर सोडताना ते परत बसवायचं असतं. खिडकीखाली पलंग, खुर्ची, खेळण्यांचं खोकं ठेवू नये. हे काम मुलं घरात यायच्या आधीचं आहे.

दुसरं संकट बुरशीचं. हिवाळ्यात खिडकी दिवसभर तिरकी ठेवली की तिच्या भोवतीची भिंत गार पडते. मग अंघोळीची, भाताची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ तिथेच धरते. त्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडाव्यात आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवावा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहावी. मुलांचं कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर दूर ठेवावं. बुरशी आलीच तर तारखेसह फोटो काढून मालकाला लेखी कळवावं, कारण डिपॉझिट परत घेताना वाद हमखास यावरूनच होतो.

बेमुदत कराराच्या या व्यवस्थेची किंमतही आहे. आतले भाडेकरू हलत नाहीत, म्हणून रिकामी घरं कमी असतात आणि नव्याने आलेल्याकडे जुना पतअहवाल नसतो. पगाराच्या तीन स्लिपा घेऊन वीस-वीस घरं बघावी लागतात. तरीही एकदा घर मिळालं की मूल पहिलीपासून चौथीपर्यंत त्याच शाळेत, त्याच मित्रांबरोबर राहतं. एवढ्यासाठी तो त्रास सोसावा असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा येण्याची वाट बघायची गरज नाही. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. म्हणजे महाराष्ट्रात अकरा महिन्यांनी काहीच वाचत नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. महिना २५,००० रुपयांनी ३६ महिन्यांचे ९ लाख धरले तर २,२५० रुपये, शिवाय डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाचं थोडं. भाडेकरू निघणारच नाही ही मालकाची भीती समजण्यासारखी आहे. पण कलम २४ नुसार मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर रिकामं करून घेता येतं आणि तोवरचं भाडं दुप्पट लागतं. उलट आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात. तिथेही मुलाची शाळा घराच्या कागदालाच बांधलेली आहे.

तेव्हा करार ३६ महिन्यांचा करावा, तो मे महिन्यात संपेल असा बघावा आणि दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून घ्यावी. पहिले २४ महिने मालकाने घर खाली करायला सांगू नये ही अट घालावी. भाडेकरूला दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडण्याची मुभा ठेवावी. एजंट छापील मसुदा पुढे करेल, त्यात मुदतीच्या रकान्यात ११ आधीच भरलेलं असेल. सही करण्याआधी तो आकडा बदलायला सांगावा.