आदर्श बघे कसे व्हावे

सार्वजनिक ठिकाणी एखादं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल किंचाळू लागलं किंवा जमिनीवर आडवं झालं, तर त्याच्या आईवडिलांनी काय करावं यावर उदंड लिहिलं गेलंय. त्याच वेळी तिथे हजर असलेल्या उरलेल्या ४० जणांनी काय करावं, हा विषय मात्र फारसा कुणी मनावर घेतलेला नाही. बिचारे उपजत गुणांवर वेळ मारून नेतात. छानच नेतात, प्रश्न नाही. पण कोणत्याही कलेला थोडी बैठक असलेली बरी. म्हणून हा प्रपंच. माझी पात्रता विचाराल, तर गेली ८ वर्षं मी बघ्यांचं फार जवळून निरीक्षण करते आहे. तुम्ही ज्याच्याकडे बघत असता, त्याचा हात धरून मी उभी असते.

पहिला धडा नजरेचा. ओझरतं पाहून मान वळवणारे लोक या कलेत कधी वर येत नाहीत. टक लावावी. आधी मूल, मग आई, मग आईची चप्पल, पुन्हा मूल, आणि शेवटी शेजारी उभा असलेला परका माणूस. त्याची-तुमची ओळख नसते, पण एकदा दोघांच्या भुवया बरोबरीने वर गेल्या की स्नेह जुळतो. समाज जोडण्याचं हे काम माझ्या मुलाने कितीतरी रांगांमध्ये फुकट करून दिलं आहे.

मग निदान. तज्ज्ञ मंडळी यात फार वेळ घालवतात: निरीक्षणं, प्रश्नावल्या, चार-चार भेटी. तुम्हाला आठ सेकंद पुरेत. 'लाडावून ठेवलंय.' हे वाक्य हळू आवाजात म्हणायचं, पण आईला ऐकू जाणार नाही इतकंही हळू नाही.

आणि असं म्हणताना संकोच नको, तुमच्या पाठीशी थोर परंपरा आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन केलं आणि स्वमग्नता वैद्यकाच्या नकाशावर आली. १९४९ साली त्यांनीच असंही लिहून टाकलं की ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये नीटनेटकी ठेवून दिलेली आहेत. फ्रिज म्हणजे घर, आणि घर म्हटलं की आई, हे वेगळं सांगायला नको. आईच्या मायेचा गारठा हे कारण पुढे बरीच वर्षं पुरलं. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा एका मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून मांडलं की मुळात बघायचं ते मेंदूत, आईच्या स्वभावात नव्हे. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत पालकांना निर्दोष सोडलं. रांगेतल्या न्यायालयात तो निकाल अजून पोचलेला नाही. तिथे खटला चालूच आहे, फक्त कलम बदललंय. तेव्हा आई माया कमी करायची म्हणून, आता जास्त करते म्हणून.

'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही' हे पुरवणी वाक्यही तयार ठेवावं. ग्रुन्या सुखारेव्हा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी १९२५ सालीच अशा सहा मुलांबद्दल लिहून ठेवलं होतं, पण त्या तुमच्या ओळखीच्या नाहीत, तेव्हा धरायचं नाही. तुमच्या वेळीही अशी मुलं होती. ती पाहुणे आले की आतल्या खोलीत असायची.

आता मुद्द्याकडे येऊ. मूल आनंदात आहे की घाबरलंय, हे कसं ओळखावं? ओळखू नये. यातच कलेचं मर्म आहे. दोन्ही वेळा हात फडफडतात, दोन्ही वेळा उड्या असतात, दोन्ही वेळा तोंडातून आवाज येतो. मग भेद करत बसायची गरज काय? माझा मुलगा लिफ्टचा भक्त आहे. दाराची पाती उघडून मधे प्रकाशाची उभी रेघ दिसली की त्याचे हात खांद्याच्या वर जातात, बोटं पसरतात, टाचा उचलल्या जातात आणि तो एकाच सुरात लांब 'ईईई' लावतो. हा झाला आनंद. भीती असेल तेव्हा हात छातीपाशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, बोटं वळलेली, आणि तोच 'ईईई' तुटक तुटक, वर चढत जाणारा. मला हे कळायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या मुलाचं वेगळं असेल. कुणी डोलतं, कुणी गिरक्या घेतं, कुणी एकच दोरी तासभर डोळ्यांसमोर हलवतं. एवढा अभ्यास कोण करणार? त्यापेक्षा 'हात खाली, बेटा, शहाणी मुलं असं करत नाहीत' हे दोन्हीकडे चालतं.

याला स्टिमिंग म्हणतात. मोठी झालेली स्वमग्न माणसं वारंवार सांगतात की ते शरीराचं स्वतःला सावरणं असतं. आत काहीतरी उतू जात असतं, आनंद असो की ताण, आणि हातांच्या लयीने ते आटोक्यात राहतं. म्हणजे हात धरून ठेवणं हे कुकरची शिटी दाबून धरण्यासारखंच झालं. पण शिटीचा आवाज तर बंद होतो ना? झालं तर मग. अशा वेळी उपदेश करताना तुमचा स्वतःचा पाय टेबलाखाली मिनिटाला दीडशेच्या गतीने हलत असेल, बोटं पेनाचं बटण टकटकवत असतील, तर त्याकडे लक्ष देऊ नका. ती सवय आहे. लक्षण फक्त दुसऱ्याच्या मुलात असतं.

ताणाच्या प्रसंगी तुमची खरी परीक्षा असते. मुलाचं अचानक काही होत नसतं, पण तुम्ही 'अचानक काय झालं याला?' असंच विचारायचं. कारण तोवरचा अर्धा तास तुम्ही पाहिलेला नसतो. छतावरच्या जुन्या ट्यूबलाइट आपल्याला स्थिर दिसतात; ५० हर्ट्‌झच्या विजेवर त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असतात, आणि काहींना ते जाणवतं. स्वच्छतागृहातला हात वाळवायचा पंखा, कुणाच्या तरी अत्तराचा लोट, मानेला टोचणारं कापडी लेबल, स्पीकरवरची घोषणा, आणि 'आता आपण डावीकडे जाणार' असं ठरलेलं असताना डावीकडचा बंद रस्ता. एकेक थेंब. २०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तकाची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा कमी-जास्त जाच ही गोष्ट निकषांच्या यादीत रीतसर घेतली गेली. पण पुस्तकं काय, येतात नि जातात.

भांडं भरलं की मेल्टडाउन होतो. हट्ट आणि मेल्टडाउन यात फरक असतो म्हणे. हट्ट करणारं मूल एका डोळ्याने आपल्याकडे बघत असतं, हवी ती वस्तू मिळाली की अश्रू जागच्या जागी सुकतात. मेल्टडाउनमध्ये मुलाला काही मिळवायचंच नसतं; तिथे कुणी बघतंय की नाही याचं त्याला भान नसतं. गंमत बघा, तुम्ही ४० जण इतके मन लावून बघताय आणि ज्याच्यासाठी बघताय त्याला पत्ताच नाही. तेव्हा आपली उपस्थिती जाणवून द्यावी लागते. जवळ जावं. घोळका करावा. चौघांनी मिळून चार निरनिराळे प्रश्न विचारावेत, नाव काय, शाळा कोणती, आई कुठाय, असं का करतो. उत्तर आलं नाही की आवाज वाढवावा. एकाने खांद्यावर हात ठेवावा, दुसऱ्याने चुटक्या वाजवाव्यात, आणि तोंडापुढे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवणारे एक काका तर हवेतच. जास्त आवाजाने बिथरलेल्या मुलावर आणखी थोडा आवाज हा उतारा मी अनेकांच्या हातून पाहिला आहे. यश अजून पाहायचंय.

कुणी तरी मोबाइल काढून चित्रीकरण करतोच. करावं. पोराच्या आयुष्यातली सर्वांत वाईट दहा मिनिटं जपून ठेवणारा हितचिंतक कुठे मिळतो?

मात्र एखादं मूल ओरडत नाही. ते बाकाखाली जाऊन बसतं, नजर कुठेतरी थिजते, हाक मारली तरी पापणी हलत नाही. तेही तितकंच भरून गेलेलं असतं, फक्त त्याचं बटण आतून बंद झालेलं असतं. शटडाउन म्हणतात त्याला. अशा वेळी बघ्यांनी म्हणायचं, 'बघा, हा कसा शहाण्यासारखा बसलाय!' आणि हे ओरडणाऱ्या मुलाच्या आईकडे बघून म्हणायचं.

कानांवर मोठे हेडफोन असतील तर 'एवढ्यात गाण्यांचं वेड' म्हणावं. हातात टॅबलेट असेल, आणि मूल त्यावरची चित्रं दाबून 'पाणी' आणि 'घरी' असं बोलत असेल, तर स्क्रीनच्या दुष्परिणामांवर चार शब्द सांगावेत. तो त्याचा आवाज आहे हे कळल्यावरही वाक्य पूर्ण करावं; अर्ध्यात सोडलं तर ज्ञान वाया जातं. गळ्यात सूर्यफुलांचा हिरवा पट्टा असेल, न दिसणाऱ्या अपंगत्वाची ही खूण २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, तर 'दिसत तर नाही हो तसं काही' असं म्हणून कौतुक करावं. न दिसणाऱ्यासाठीच ती खूण आहे, हा तपशील झाला.

लशींचा विषय निघणारच. लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा तो १९९८ सालचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला, हे कुणी सांगितलं तर गूढ हसावं. मागे घेतला म्हणजे काहीतरी असणारच!

आता एक नाजूक गोष्ट. मुलाचा आवाज सुरू झाल्यावर दोन मिनिटांत तुमच्या कपाळाची शीर उडू लागते. हातातलं काम सुचत नाही, बोलणाऱ्याचे शब्द कळेनासे होतात, कुणाचा धक्का लागला तर अंगावर धावून जावंसं वाटतं, आणि वाटतं की आत्ताच्या आत्ता इथून बाहेर पडावं. याला तुम्ही 'डोकं उठलं' म्हणता आणि त्यासाठी सगळ्यांनी तुम्हाला समजून घ्यावं अशी रास्त अपेक्षा ठेवता. एका आवाजाने, दोन मिनिटांत. मुलगा त्या हॉलमध्ये अर्ध्या तासापासून आहे. यातून काही निष्कर्ष काढू नये, कपाळाला बाम लावावा. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली म्हटलं की न समजण्याची अडचण दुतर्फा असते. त्यांना आपलं कळत नाही तसं आपल्यालाही त्यांचं कळत नाही. पण मग शिकवणी आपणही लावायची का? भलतंच.

कुणासारखं होऊ नये, हेही सांगायला हवं. एकदा स्वच्छतागृहाबाहेर माझा मुलगा कान दाबून भिंतीला टेकला होता. एक गृहस्थ आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला एवढंच विचारलं, 'काय केलं तर बरं पडेल?' मी म्हटलं, 'तो पंखा.' ते आत गेले आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात पुसायला कागद देत राहिले. पंखा सात-आठ मिनिटं वाजला नाही. मग ते निघून गेले. ना सल्ला, ना कौतुक, ना 'देव अशी मुलं खास लोकांनाच देतो'. बघ्या म्हणून अत्यंत वाया गेलेला माणूस.

राहता राहिलं मुलांचं बोलणं. काही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतात, इकोलालिया. 'पोपट' म्हणून हसायची ही जागा. कॅनर यांनीच १९४६ साली एका पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट नोंदवली आहे. तो मधेच म्हणायचा, कुत्रा गच्चीतून टाकू नकोस. तिथे ना कुत्रा, ना गच्ची. शोध घेतल्यावर कळलं, तीन वर्षांपूर्वी तो खेळण्यातला कुत्रा हॉटेलच्या गच्चीतून पुन्हा पुन्हा खाली टाकत होता आणि आई वैतागून हे वाक्य बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो स्वतःला त्या वाक्याने आवरायचा. म्हणजे निरर्थक वाटणाऱ्या वाक्याचा अर्थ लावायला तीन वर्षं मागे जावं लागतं. तुम्हाला तर पुढचा थांबा गाठायचा असतो.

माझ्या मुलाकडेही असं एक वाक्य आहे, लिफ्टकडून शिकलेलं. तिच्यातल्या बाईंचा तो गोड, सपाट सूर त्याने हुबेहूब उचललाय. गेल्या महिन्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्ट बंद पडलेली निघाली. वचन दिलेली लिफ्ट. कोपरं बरगड्यांना चिकटली, सूर तुटला, तो खाली बसला आणि माणसं जमली. किल्ल्यांचा जुडगाही आला. तेव्हा गुडघ्यांत डोकं घालून त्याने ते वाक्य म्हटलं, शब्द न् शब्द स्पष्ट: 'कृपया दूर उभे राहा. दरवाजा बंद होत आहे.'

'अरे, बोलतोय की छान!' कुणीतरी म्हणालं. आणि नीट ऐकू यावं म्हणून सगळे एक पाऊल पुढे सरकले.