चालत राहा, काका

सिडकोने नवी मुंबईचा नकाशा आखला तेव्हा टेबलापाशी एखादा फोटोग्राफर बसलेला असणार, असं मला तो नकाशा पाहून नेहमी वाटतं. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी. सूर्याने डोंगरामागून उगवायचं आणि पाण्यापलीकडे मावळायचं. मधल्या जागेत खारफुटी, खाजण, तळी. एवढं झाल्यावर फोटोग्राफर चहाला उठला असावा आणि त्याच्या खुर्चीत दुसराच कोणी येऊन बसला असावा. खाडीत विजेचे टॉवर, काठाला उंचच उंच इमारती आणि प्रत्येक इमारतीतून पहाटे फिरायला बाहेर पडणारे ज्येष्ठ नागरिक, ही सगळी नंतरची भर.

मला निसर्गचित्रं काढायचा नाद आहे. नाद म्हणजे कॅमेरा, ट्रायपॉड आणि फिल्टरची एक छोटी पिशवी. हिच्या मते त्या पिशवीत आमच्या नव्या फ्रिजचा एक दरवाजा आणि दोन कप्पे आहेत.

या विषयाची सगळी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. ती ‘गोल्डन अवर’बद्दल फार प्रेमाने बोलतात. सूर्य क्षितिजाजवळ रेंगाळतो, तिरपा उजेड पडतो, सावल्या लांबतात, प्रत्येक दगडाला उठाव येतो. खरं आहे, पण तिकडे. आपण १९ अंश अक्षांशावर राहतो. इथे सूर्य रेंगाळत बिंगाळत नाही, लिफ्टने आल्यासारखा सरळ वर जातो. क्षितिजापासून सहा अंश चढायला त्याला जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. त्यातली पहिली काही तो पारसिकच्या मागेच घालवतो, उरलेली हिवाळ्यातलं धुरकं खातं. जून ते सप्टेंबर तर तो रजेवर असतो. शिल्लक राहतो त्या वेळात रचना करायची, फिल्टर निवडायचा, फोकस लावायचा आणि वॉचमनशी बोलायचं.

वॉचमनशी बोलणं हा लँडस्केप फोटोग्राफीतला एक तांत्रिक टप्पा आहे. पुस्तकांत त्यावर प्रकरण नाही, ते असायला हवं. आमच्याकडच्या एका मोठ्या उद्यानात नियम असा की मोबाईलने हवे तेवढे फोटो काढा, कॅमेऱ्यानेही काढा, पण ‘स्टँड’ उघडला की ते शूटिंग.

“शूटिंगला परमिशन लागते, साहेब.”

“अहो, मी झाडाचा फोटो काढतोय.”

“झाडाचाच काढा. हातात धरून काढा.”

पाव सेकंदाचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवणं, हातात धरून जमत नाही, हात हलतो, हे मी त्याला समजावलं. त्याने सहानुभूतीने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घ्या म्हणाला.

खारघरच्या डोंगराकडे वेगळीच गंमत. तिथे ट्रायपॉड पाहून कोणाला शूटिंग आठवत नाही, मोजणी आठवते. गळ्यात उपरणं असलेले एक आजोबा बराच वेळ लांबून बघत होते. मी डोळा लावून क्षितिज सरळ करत होतो, ट्रायपॉडच्या डोक्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणत होतो. या शहरात हे दृश्य पाहून कोणीही सावध होईल. ते जवळ आले. “साडेबारा टक्क्यांचं काही निघालं का?” जमीन सिडकोला देऊन साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट पाहण्यात इथल्या गावांची आयुष्यं गेली आहेत. मी फक्त ढगांचा फोटो काढतोय, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. “ढग कशाला मोजताय?” म्हणाले. सरकार आता वरची जागाही घेणार, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर सरळ उमटली होती.

रचनेचं म्हणाल, तर नियम सोपे आहेत. चौकटीचे तीन भाग करायचे, क्षितिज मधोमध ठेवायचं नाही, पुढ्यात काहीतरी पकड घेणारं ठेवायचं, म्हणजे नजर तिथून आत शिरते. परदेशी माणसाच्या पुढ्यात शेवाळलेला खडक असतो. खाडीकाठी माझ्या पुढ्यात चप्पल असते. एकच. खाडीच्या कुठल्याही काठावर जा, पायाशी एक चप्पल असतेच, जोडीची दुसरी कधीच नसते. कॅमेरा डावीकडे वळवला तर थर्माकोल, उजवीकडे वळवला तर उच्चदाबाची तार. लोक म्हणतात चित्रकार रिकाम्या कागदावर भर घालतो आणि फोटोग्राफर भरलेल्या जगातून वजा करतो. आमच्याकडे वजा करता करता बऱ्याचदा फक्त आकाश उरतं, आणि त्यातही विमान.

मग फिल्टर. ग्रॅज्युएटेड फिल्टरची काच वर काळसर आणि खाली पारदर्शक असते. आकाश भगभगीत, जमीन अंधारी, हा फरक मिटवायला ती बरी. पण ती बनवणाऱ्याने समुद्राचं सरळ क्षितिज डोळ्यांपुढे ठेवलेलं आहे. पाम बीच रोडच्या बाजूने ती लावली की इमारतींच्या वरच्या मजल्यांवर रात्र होते आणि खालच्या मजल्यांवर अजून शाळेची बस यायची असते.

पोलरायझर हा जास्त शहाणा. सूर्याशी काटकोनात उभं राहिलं की आकाशाला गडद निळा देतो. फार रुंद लेन्सवर मात्र निळा एकाच कोपऱ्यात साचतो, शाई सांडल्यासारखा. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात तो लावून पाहा. ओल्या पानांवरची पांढरी चमक जाते आणि खालचा हिरवा असा बाहेर येतो की आपणच दचकतो. पाण्यावरची चमकही तो तशीच काढून घेतो. आता ठाण्याच्या खाडीच्या पाण्यावरची चमक काढून घेण्यात कोणाचं हित आहे? त्या चमकेवरच तर आमची सगळी मदार. मी फिल्टर फिरवला, सोनेरी पाणी क्षणात करडं झालं आणि दुधाच्या पिशव्यांवरची अक्षरं स्पष्ट वाचता आली. परत फिरवला आणि तसाच ठेवला.

हाच फिल्टर एकदा लेन्सवर अडकून बसला. दमट हवा, पातळ धातूची कडी, बारीक आटे. जोर लावून धरली की कडी दोन्हीकडून दबते, लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. सासूबाई नेरुळला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी लोणच्याच्या बरणीचा न्याय लावून गॅस पेटवायला घेतला. मी लेन्स घेऊन बाल्कनीत पळालो. शेवटी हिने दह्याच्या डब्याला लावलेलं रुंद रबर काढून कडीभोवती गुंडाळलं, पाच बोटांनी हलकेच धरून फिरवलं आणि फिल्टर माझ्या हातात दिला. रबरामुळे जोर सगळीकडे सारखा पडतो, हे शास्त्र मी तिला नंतर समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मला हेवा वाटतो तो अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सचा. १९२७ साली योसेमिटीच्या बर्फात, जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन हा माणूस हाफ डोम नावाच्या कड्यासमोर पोचला. पिवळ्या फिल्टरने एक कृष्णधवल फोटो घेतला. मग वाटलं, आपल्या मनातलं आकाश याहून काळं आहे. उरलेल्या शेवटच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं उतरलं. कौतुक आहेच. पण त्याच्याबरोबर होणारी बायको आणि मोजके मित्र होते, आणि त्यातल्या कोणीही ‘साहेब, कुठल्या पेपरात येणार?’ असं विचारल्याची नोंद नाही.

आमच्याकडे करावे गावाजवळच्या तळ्यांवर रोहित पक्षी येतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत गर्दी असते, पक्ष्यांची आणि पक्षीवाल्यांचीही. पक्षीवाले ही वेगळी जात. चिखलाच्या रंगाचे कपडे, हाताएवढी लेन्स. एकाने कुजबुजत विचारलं, “काय मिळालं?” म्हटलं, “पक्षी नाही, मी सगळंच काढतोय.” त्याने माझ्या चिमुकल्या लेन्सकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. रोहित माझ्या कामाचे नाहीतच म्हणा. माझा जीव लांब एक्स्पोजरवर, आणि तीस सेकंदांत रोहितांच्या थव्याचा गुलाबी डाग होतो.

तर त्या तीस सेकंदांबद्दल. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर म्हणजे जवळजवळ काळीच काच. ती प्रकाश हजार पटीने कमी करते. एका सेकंदाच्या तिसाव्या भागात होणारा फोटो अर्ध्या मिनिटावर जातो. लाटा सपाट होऊन पाणी धुक्यासारखं दिसतं, ढग ओढल्यासारखे लांबतात. आणि चौकटीतून चालत जाणारी माणसं उमटतच नाहीत. एका जागी क्षणभरच असतात, त्यांची नोंदच होत नाही. गर्दीच्या शहरात एकांताचा फोटो काढायची ही एकमेव कायदेशीर युक्ती. अट एकच, माणसाने चालत राहिलं पाहिजे. स्थिर उभा राहिलेला मात्र दगडासारखा ठळक येतो.

आणि आपल्याकडे ट्रायपॉड दिसला की चालणारा माणूस थांबतो.

बेलापूरच्या दिवाळे गावच्या जेटीवर संध्याकाळी भरती हवी होती. ओहोटीत नुसता चिखल दिसतो. जाळं विणत बसलेल्या एका मामांना वेळ विचारली. त्यांनी मोबाईल न काढता विचारलं, “आज तिथी कोणती?” सप्तमी-अष्टमी. “तिथीची पाऊणपट कर. आठाचे सहा. सहाच्या मागेपुढे पाणी भरेल. पण भांगाची भरती आहे, उधाणाएवढं नाही येणार.” मावळतीचा उजेड आणि भरलं पाणी एकत्र हवं असेल तर अष्टमी गाठावी, हे मला एकाही पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं.

पाणी आलं, आकाश तांबडं झालं. पुढ्यात एक रिकामी होडी, मागे खाडी. मी फिल्टर चढवला, रिमोटचं बटण दाबलं, आणि जेटीवर फिरायला आलेलं अख्खं कुटुंब चौकटीच्या मधोमध येऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं. त्यांच्या मागे आणखी दोघे. होडीत एक मुलगा चढला.

“काका, प्लीज, चालत राहा!”

“कुठे?”

“कुठेही. फक्त थांबू नका.”

माणसं भली होती. काका इकडून तिकडे चालू लागले, काकू त्यांच्यामागे, सून, नातू, सगळे. मामा जाळ्यावरून हाका मारू लागले, “अरे चाला, चाला, साहेबांचा फोटो आहे!” ओळखीचे लोक काय चाललंय ते विचारत चालणाऱ्यांत मिसळले. एक बाई देवळात घालावी तशी प्रदक्षिणा माझ्याभोवतीच घालू लागली. तीस सेकंद संपले. मग कॅमेरा तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेतो, फोटोतले रंगीत ठिपके वजा करायला. तेव्हा चालायची गरज नसते, पण कोणी थांबेना.

फोटो आला. गुळगुळीत पाणी, तांबडं आकाश, जेटीवर चिटपाखरू नाही. होडीतला पोरगा उड्या मारत होता, त्यामुळे होडी तेवढी पुसट झाली. सगळे पडद्यावर वाकले.

“आम्ही कुठे आहोत?” काकांनी विचारलं.

“नाही आहात. तेच तर हवं होतं.”

शांतता पसरली. इतकं चालायला लावून कोणालाच न दाखवणारा कॅमेरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मग काकू म्हणाल्या, “आता ती काळी काच काढा आणि आमचा नीट काढा.” काढला. रांग लावून काढला, होडीसकट काढला, मामांचा जाळ्यासह वेगळा काढला. निघताना काकांनी मला बाजूला घेतलं. पुतण्याचं लग्न आहे, हळदीची ऑर्डर घेता का? डीजे वगैरे ठरलाय, फक्त फोटोवाला राहिलाय.

घरी येऊन हिला तो रिकाम्या जेटीचा फोटो दाखवला. प्रकाश, रेषा, तीन भाग, सगळं समजावलं. ती बघत राहिली. मग हळदीचं सांगितलं.

“किती सांगितलेस?” ती म्हणाली.