भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मत देता येतं!

“सेफ सीटची (एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्याची) पोटनिवडणूक, निकाल ठरलेलाच. भारतीय पासपोर्टवर मत दिलं तर गुन्हा, नागरिकत्वही जाईल. बाकीच्यांची नावं कौन्सिल टॅक्समुळे (घरपट्टीसारखा स्थानिक कर) मतदार यादीत आपोआप येतात, फक्त पोल कार्ड (मतदानाची माहिती देणारं टपालाने येणारं कार्ड) न्या.” ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर हे फिरतंय. मामेबहिणीच्या सुनेनं ते वाचून नाव नोंदवायचंच सोडलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पासपोर्टची थाप सगळ्यात घातक. 1983 च्या ब्रिटिश लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 4 उघडून बघा: कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, वय 18, तिथे राहायची वैध परवानगी आणि त्या मतदारसंघात वास्तव्य, बस. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, आयएलआर (कायम राहायची परवानगी), सगळे चालतात. शेजारच्या फ्रेंच माणसाला संसदेसाठी मत नाही, तुम्हाला आहे! आणि भारतीय नागरिकत्व जातं ते स्वखुशीनं परदेशी नागरिकत्व घेतल्यावर. मत दिल्यानं नाही.

कौन्सिल टॅक्स भरून नाव यादीत येत नाही. मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत अर्ज करावा लागतो, ऑनलाइनही होतो. घर बदललं असेल तर नव्या पत्त्यावर पुन्हा.

पोल कार्ड नसलं तरी चालतं, फोटो ओळखपत्र मात्र हवंच. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलासुद्धा, फक्त फोटोत तुम्ही ओळखू आलात पाहिजे. फोनवरचा ई-व्हिसा किंवा पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच: पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं. अशा वेळी लग्नाचा दाखला सोबत ठेवा.

राहिला “निकाल ठरलेला”. बहुतेक बालेकिल्ले टिकतात, हे कबूल. पण रनकॉर्न अँड हेल्सबी मतदारसंघात लेबर पक्षानं 2024 ला 14,696 चं मताधिक्य घेतलं होतं. 1 मे 2025 च्या पोटनिवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला 12,645 मतं, लेबरला 12,639. फेरमोजणीनंतर फरक 6 मतांचा! त्याआधी 2021 ला नॉर्थ श्रॉपशरमध्ये हुजूर पक्षाचं 22,949 चं मताधिक्य लिबरल डेमोक्रॅट्सनी उलथवलं होतंच. पोटनिवडणुकीला मतदान कमी होतं, रनकॉर्नला जेमतेम 46 टक्के, म्हणून ज्यांचे मतदार घरी बसतात ते बुडतात.

मतदान सकाळी 7 ते रात्री 10. दहाच्या ठोक्याला रांगेत उभे असाल तर मत घ्यावंच लागतं.