गर्भपेशींच्या रोपणाने पार्किन्सन्स ‘मुळापासून’ जात नाही

आमच्या शुभंकरांच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज तिघांकडून आला: ‘गर्भाच्या मेंदूतल्या पेशी बसवल्या की पार्किन्सन्स, अल्झायमर मुळापासून बरे होतात. धोका शून्य. औषध कंपन्यांनी हे दडपलंय.’ माझ्या बाबांना ९ वर्षं कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, आहे. असं काही वाचलं की आशा मलाही वाटते, म्हणूनच उत्तर देते आहे.

दडपलेलं काहीच नाही. स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या संशोधकांच्या गटाने १९८७ पासून हे रोपण केलं आणि निष्कर्ष छापले. काहींच्या मेंदूत पेशी खरंच रुजल्या, डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं हालचालींसाठीचं रसायन, बनवू लागल्या. मोजक्या जणांच्या गोळ्या कित्येक वर्षं सुटल्या. हे मान्यच करायला हवं.

पण ‘बरे होतात’? २००१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्ण ४०. निम्म्यांना रोपण केलं, निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली. आपल्याला काय मिळालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभराने ‘कसं वाटतंय?’ विचारलं, तर दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. साठीपर्यंतच्या रुग्णांच्या हालचाली मात्र तपासणीत सुधारलेल्या दिसल्या.

‘धोका शून्य’ वाचून मला सर्वांत राग आला. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत रोपण झालेल्या २३ पैकी १३ जणांचं अंग गोळीचा अंमल उतरल्यावरही आपोआप वेडंवाकडं हलत राहिलं. ज्याने घरात डिस्कायनेशिया, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली, पाहिलाय, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि वेगळ्याच आजारासाठी मॉस्कोत गर्भातल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात) टोचलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत चार वर्षांनी गाठी सापडल्या. त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्या होत्या.

‘मुळापासून’ही नाही. रोपणानंतर ११ ते १६ वर्षांनी निधन झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूत, बसवलेल्या काही पेशींमध्येही पार्किन्सन्सच्या खुणा, म्हणजे ल्यूई बॉडीज, सापडल्या. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. अल्झायमरमध्ये तर ऱ्हास मेंदूभर पसरतो. एका जागी पेशी भरून तो थांबेल याला आधार नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर संशोधन चालू आहे. २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १२ आणि जपानमधल्या ७ रुग्णांचे सुरुवातीचे निष्कर्ष आले. ते आश्वासक आहेत, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. त्या मेसेजखाली ‘आगाऊ रक्कम भरा’ असा नंबर आहे. तो लावण्याआधी मेसेज आपल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.